माजघरांतील उजेड : गृहजीवनाचीं चित्रें व रंगखडूचें माध्यम

ऐतिहासिक कागदपत्रें जमविणाऱ्या मंडळींस घरगुती कागदांचें महत्त्व आतां पटवून द्यावें लागत नाहीं. एके काळीं राजकारणाचीं पत्रें तेवढीं निवडून घ्यावयाचीं व बाकीचा रुमाल 'किरकोळ' म्हणून पुन्हा बांधून टाकावयाचा, अशी सरसकट चाल होती. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापण्यास आरंभ केला, मिरजेस कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांचीं दप्तरें वर्षानुवर्षें चाळून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला, आणि तेव्हांपासून लग्नाची यादी, कोठीचा हिशेब, लुगड्यांच्या खरेदीचें टिपण हींही इतिहासाचीं साधनें होत, हें हळूहळू सर्वमान्य झालें. चित्रांच्या बाबतींत मात्र ही समज अजून आलेली नाहीं. दरबाराचें चित्र, स्वारीचें चित्र, सरदाराची तसबीर हीं आम्ही जपतों. माजघरांत बसून तांदूळ पाखडणाऱ्या बाईचें चित्र हातीं आलें तर तें 'शोभेचें' म्हणून बाजूस सारतों. त्यांतून तें रंगखडूनें, म्हणजे ज्यास पेस्टल म्हणतात त्या माध्यमांत, काढलेलें असलें तर त्यास 'कच्चें' हें आणखी एक विशेषण लागतें.

प्रस्तुत लेखांत या दोन्ही विशेषणांचा विचार कर्तव्य आहे. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत जें कांहीं आम्हीं पाहिलें त्यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, मराठी घराच्या आंतील आयुष्य चित्रांत उतरविण्यास रंगखडूइतकें अनुरूप माध्यम दुसरें नाहीं. आणि आम्हां संग्राहकांच्या हातून जितका नाश या माध्यमाचा होतो तितका दुसऱ्या कोणत्याहि माध्यमाचा होत नाहीं. या दोन्ही गोष्टींचें कारण एकच आहे. रंगखडूचा रंग कागदांत मुरत नाहीं. तो कागदावर सुटा बसलेला असतो. त्याचा गुण तोच, त्याचा घातहि तोच.

प्रथम भिंतींकडे पाहूं. मेणवलीचें नांव काढतांच या पत्राच्या वाचकांस नाना फडणिसांचें दप्तर आठवेल. पण ज्या वाड्यांत तें दप्तर होतें त्या वाड्याच्या भिंतींवरहि चित्रें आहेत. तेथून जवळच वाईस रास्त्यांच्या मोतीबागेंतहि भित्तिचित्रें आहेत. हीं चित्रें चुन्याच्या गिलाव्यावर काढलेलीं असून त्यांत प्राधान्य रेषेस आहे. आधीं आकृतीची कड, मग त्या कडेच्या आंत एकसारखा रंग, असा त्यांचा क्रम. वस्त्रें व अलंकार यांच्या अभ्यासकास हीं चित्रें म्हणजे मोठाच ठेवा होय. लुगडें कसें नेसत, अंबाडा कोठें बांधीत, नथ केवढी असे, पागोट्याची घडी कोणती, हें त्यांवरून ताडतां येतें. परंतु विषय बहुतेक देवादिकांचा व पुराणप्रसंगांचा. स्त्रिया आहेत, त्यांचें घर नाहीं. खांब व कमान दाखविली कीं वाडा झाला. सावली मुळींच नाहीं. आकृति सर्व बाजूंनीं सारख्या उजळलेल्या, जणूं कोणी घराचें छप्पर उचलून बाजूस ठेविलें आहे. हा त्या चितारांचा दोष, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांस कथा सांगावयाची होती, व कथेस छायेचें प्रयोजन नव्हतें. पण गृहजीवनाचा पुरावा म्हणून त्यांकडे पाहावयाचें तर एवढी उणीव पदरांत घेऊनच पाहिलें पाहिजे.

आतां औंधास जाऊं. कै. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते, आणि त्यांनीं १९३८ सालीं यमाईच्या डोंगरावर उभारलेलें श्रीभवानी वस्तुसंग्रहालय सातारा जिल्ह्याचें भूषण आहे. तेथें राजा रविवर्मा यांचीं तैलचित्रें आहेत, रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचीं चित्रें आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें 'माता व बालक' हें पाषाणशिल्पहि आहे. रविवर्म्यांच्या तैलरंगांत सावली आली, शरीरास गोलाई आली, जरीचा काठ खरोखर चमकूं लागला. पण त्यांची नायिका बहुधा बसलेली किंवा उभी राहिलेली असते. ती कांहीं काम करीत असली तरी तें काम तिच्या सौंदर्याच्या सेवेस लावलेलें असतें. धुरंधरांचें (१८६७–१९४४) तसें नाहीं. सण, बाजार, घाट, मिरवणूक, पाणवठा हे त्यांचे आवडीचे विषय. ऑटो रॉथफील्ड यांच्या 'विमेन ऑफ इंडिया' (१९२०) या ग्रंथांतील त्यांचीं चित्रें पाहिलीं म्हणजे नाना जातींच्या व प्रांतांच्या बायकांची चालण्याची ढब त्यांनीं किती बारकाईनें टिपली होती हें दिसतें. तथापि जलरंगाची एक अट असते. त्यांत उजेड म्हणजे कोरा पांढरा कागद; चित्रकार उजेडापासून आरंभ करून एकेक पापुद्र्यानें अंधाराकडे जातो. म्हणून जलरंग अंगणांत, घाटावर, रस्त्यावर खुलतो. औंधाशीं ज्यांच्या घराचा संबंध होता ते, पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे चिरंजीव कै. माधव सातवळेकर (१९१५–२००६), यांनींहि स्त्रियांचे नित्याचे व्यवहार हा आपल्या चित्रांचा विषय केला. परंतु मुख्यतः तैलरंगांत.

जुन्या मराठी घराचें आंतलें आयुष्य मात्र अर्ध्या उजेडांत चाललेलें आहे, ही गोष्ट विसरतां कामा नये. सोपा उजेडाचा, चौक उजेडाचा. पण माजघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली या जागा अंधाऱ्या. माजघरास उजेड मिळावयाचा तो चौकाच्या दारांतून, एखाद्या झरोक्यांतून, नाहीं तर चुलीच्या जाळाचा व समईच्या ज्योतीचा. जातें, उखळ, ताकाचा डेरा, पाटा, पाळणा, हीं सर्व या अर्ध्या उजेडांतलीं. ज्यास हें आयुष्य काढावयाचें त्यास पांढऱ्या कागदापासून आरंभ करून चालत नाहीं. त्यास आरंभींच हातांत अंधार हवा, व त्या अंधारावर उजेड ठेवीत जाण्याची सोय हवी.

रंगखडू ही सोय करून देतो. रंगाची बारीक पूड, खडू किंवा जिप्सम यासारखी पांढरी माती, आणि ट्रॅगकंथ या डिंकाचें अगदीं पातळ पाणी यांचा लगदा मळून त्याच्या कांड्या वळून वाळवितात. हीच पेस्टलची कृति. डिंक इतकाच कीं कांडी हातांत धरवेल. त्यांत तेल नाहीं, व चित्र झाल्यावर वर रोगण नाहीं. कागद खरबरीत व बहुधा करडा, निळसर किंवा मातकट रंगाचा घेतात. त्या कागदाचा रंग हीच चित्राची मधली छाया होते. तीवर काळसर कांडीनें अंधार दाट करावयाचा व फिक्या कांडीनें उजेड ठेवावयाचा. माजघरांत दारांतून आलेला कवडसा जसा भुईवर, मग सुपाच्या कडेवर, मग मनगटाच्या बांगडीवर पडत जातो, तशाच क्रमानें हा चित्रकार फिका रंग ठेवीत जातो. शिवाय खडूची पूड कागदाच्या उंचवट्यांवर बसते, खळग्यांत बसत नाहीं. त्यामुळें रंगाच्या मधून कागद दिसत राहतो, व घरांतील धूर, पिठाची धूळ, कोंड्याचे कण यांनीं भरलेली हवा आपोआप चित्रांत येते. तैलरंगांत ही हवा आणावयास मोठें कौशल्य लागतें; येथें ती माध्यमच आणून देतें.

कोणी म्हणेल, हें परदेशी माध्यम. नांव परदेशी खरें. कल्पना तितकी परकी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्यांत कृष्णेचा हा प्रदेशहि मोडत होता, त्याचा 'मानसोल्लास' शके १०५१ च्या, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्री. श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेली त्याची प्रत पुष्कळांच्या संग्रहीं असेल. त्यांत चित्राचे विद्ध, अविद्ध, भाव, रस व धूलि असे पांच प्रकार सांगितले आहेत. ओल्या रंगाचें तें रसचित्र, कोरड्या चूर्णाचें तें धूलिचित्र. आराखडा काढण्यासाठीं काजळ व भात एकत्र मळून केलेल्या वर्तिकेचीहि कृति तेथें दिली आहे; म्हणजे कोरडा रंग थोड्या चिकट द्रव्यानें बांधून त्याची कांडी करण्याची युक्ति आमच्या देशांत नऊशें वर्षांपूर्वीं लेखनिविष्ट झाली होती. आणखी लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, चित्रकर्माचें हें सर्व विवेचन त्या ग्रंथांत गृहोपभोगाच्या प्रकरणांत आलें आहे. चित्र हें घराचें अंग, ही जाणीव ग्रंथाच्या रचनेंतच आहे.

धूलिचित्राची परंपरा आमच्या उंबरठ्यावरून कधीं गेलीच नाहीं. शिरगोळ्याची पूड चिमटींत धरून रोज सकाळीं सारवलेल्या भुईवर रांगोळी घालणारी बाई डिंकावांचून, कुंचल्यावांचून, गडद भूमीवर फिका रंग ठेवीत असते. त्यांत हळद घालते, कुंकू घालते. सांगलीची हळद देशभर जाते व २०१८ सालीं तिला भौगोलिक मानांकनहि मिळालें. पण त्या हळदीचा चिमूटभर वांटा रोज दारापुढील रांगोळींत पडतो, याची नोंद कोणत्याहि पेढीच्या खात्यांत नाहीं. पेस्टल रांगोळीपासून निघालें असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. तसा कांहीं संबंध नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, करड्या कागदावर कोरडा रंग ठेवणारा मराठी चित्रकार ज्या भूमीवर काम करीत होता ती त्यास लहानपणापासून ओळखीची होती.

युरोपांत या माध्यमाचा इतिहास गृहजीवनाशीं कसा जोडला गेला, हेंहि थोडक्यांत पाहावें. अठराव्या शतकांत व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा व फ्रान्सचा मॉरीस केंतां द ला तूर यांनीं पेस्टलास मोठी प्रतिष्ठा आणली, पण ती मुख्यतः उमरावांच्या मुखचित्रांत. जिनीव्हाच्या ल्योतारानें १७४४ च्या सुमारास तबकांत चॉकलेटचा पेला घेऊन चाललेली एक दासी चर्मपत्रावर पेस्टलानें काढली. तें चित्र आज ड्रेस्डेनच्या संग्रहालयांत आहे. दासी हीच चित्राची नायिका, आणि तिचें काम हाच चित्राचा विषय. घरगुती विषयांचा थोर चित्रकार शार्दां यानें तीं चित्रें तैलरंगांत काढलीं. पण उतारवयांत डोळ्यांच्या विकारामुळें तो पेस्टलाकडे वळला, व १७७१ पासून त्यानें स्वतःचीं व पत्नीचीं मुखचित्रें या माध्यमांत केलीं. एकोणिसाव्या शतकांत मिलेनें लोणी घुसळणारी शेतकरीण पेस्टलानें काढली. देगानें स्नान करणाऱ्या व केंस विंचरणाऱ्या स्त्रिया काढल्या. अमेरिकन चित्रकर्ती मेरी कसॅट हिनें आया व मुलें काढलीं. आपल्याकडे अवनींद्रनाथ ठाकूर हेहि आरंभीं कलकत्त्यास गिलार्डी या इटालियन चित्रकाराजवळ पेस्टल शिकले होते.

या इतिहासांत एक इशाराहि आहे. पेस्टलाचा स्वभाव गोड. गालावर बोट फिरवून रंग मिसळला कीं त्वचा मखमलीसारखी होते, व चित्रकारास त्या मखमलीचा मोह पडतो. अठराव्या शतकांतलीं पुष्कळ मुखचित्रें या मोहानेंच बिघडलीं. गृहजीवनाच्या चित्रांत हा मोह अधिकच घातक. कारण दळणारी, घुसळणारी, धुणारी बाई मखमली झाली कीं तिचे श्रम नाहींसे होतात, आणि घर म्हणजे केवळ सुखाचें आगर असा खोटा पुरावा मागें राहतो. म्हणून अशा चित्राची परीक्षा करतांना आमची कसोटी अशी : रंग बोटानें पुसून मिसळला आहे कीं कांडीचा फटकारा तसाच ठेविला आहे? ल्योताराची दासी पुसून गुळगुळीत केलेली आहे, पण तिची चाल सरळ व तिचें लक्ष पेल्यावर असल्यामुळें ती वांचली. देगाचे फटकारे तर उघडेच आहेत, व त्यांतून पाठीचा व दंडाचा ताण दिसतो.

ही कसोटी घेऊन आम्हीं पाहिलेल्या एका चित्राकडे येतों. सातारा जिल्ह्यांतील एका घरीं मोडी कागद पाहण्यास आम्ही गेलों होतों. जमिनीच्या कागदांच्या रुमालांत मध्येंच एक करड्या रंगाचा जाड कागद निघाला. त्यावर रंगखडूनें माजघराच्या उंबऱ्याशीं बसून सुपांत धान्य पाखडणारी एक प्रौढ स्त्री काढलेली होती. सही नाहीं, साल नाहीं. घरांतील सांगणें एवढेंच कीं, गेल्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत मुंबईस चित्रकला शिकण्यास गेलेल्या व पुढें तो नाद सोडून शेती पाहणाऱ्या एका पूर्वजानें हें काढलें, आणि ही स्त्री त्याची आई.

चित्र निर्दोष नव्हतें. डाव्या हाताचीं बोटें चुकलेलीं होतीं. मागच्या तांब्याच्या हंड्यावर शुभ्र रंगाचे ठिपके इतके दिले होते कीं दृष्टि आधीं हंड्याकडे जावी. शाळेंत शिकलेली चमक दाखविण्याची हौस त्यांत दिसत होती. पण सूप उचललेलें, उजवें मनगट वळलेलें, दारांतून आलेला उजेड सुपाच्या कडेवरून तिच्या मांडीवरील पदरावर उतरलेला, आणि सूप व दार यांच्यामध्यें उडालेला कोंडा. हा कोंडा त्यानें फिक्या पिवळ्या कांडीचे आडवे फटकारे देऊन, मुळीं न पुसतां काढला होता. कागद उघडा ठेवून त्यानें अंधार साधला होता. त्या एका हातभर जागेंत मेणवलीच्या भिंतीवर नसलेलें व रविवर्म्यांच्या नायिकेपाशीं नसलेलें असें कांहीं होतें : काम चालूं असतांना घर कसें दिसतें, तें. सुपाची वीण, उंबऱ्याची उंची, भिंतींतला कोनाडा, त्यांतील बुधला, पदर खोंचण्याची रीत, इतकी माहिती त्यांत होती कीं त्या घराच्या कोठीच्या हिशेबाचा कागद व हें चित्र शेजारीं ठेविले असते तर एकानें दुसऱ्याचा अर्थ सांगितला असता.

'होतें' असें आम्ही म्हणतों, याचें कारण सांगणें आमचें कर्तव्य आहे. कागदावर धूळ बसली आहे असें वाटून, पोथ्यांच्या बाबतींत जी आमची नित्याची सवय त्या सवयीनें, आम्हीं मऊ कुंचल्यानें ती झाडली. दोनच हात फिरविले. जी धूळ म्हणून आम्हीं झाडली ती धूळ नव्हती. तो रंग होता. तिच्या कपाळाचा व डाव्या गालाचा उजेड कुंचल्यास लागून आला. घरांतील वृद्ध गृहस्थ जवळच बसले होते. ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं फक्त कागद आमच्या हातांतून घेतला. आजीचा चेहरा म्हणून त्यांच्यापाशीं दुसरें कांहीं नव्हतें, फोटोग्राफ नव्हता, हें आम्हांस नंतर कळलें. चित्रावर चार शब्द लिहिण्यापूर्वीं आम्हीं हा दोष आमचा म्हणून येथें नोंदवून ठेवतों. कारण तो अज्ञानाचा असला तरी एकट्या आमचाच नसावा.

एक गोष्ट मात्र उरली. चित्रावर ज्या कागदाची पाठ टेकून होती तो एका जुन्या भाडेपट्ट्याचा मोडी कागद. त्याच्या कोऱ्या पाठीवर त्या स्त्रीचा उलटा, फिकट ठसा उमटलेला होता : सूप डावीकडे, दार उजवीकडे, आणि चेहऱ्याची जागा बऱ्यापैकीं स्पष्ट. वर्षानुवर्षें रुमालाच्या गांठीचा दाब पडून रंगाचा अंश तिकडे गेला होता. घरांतील तरुण मंडळी तो 'डाग' पुसून कागद स्वच्छ करून देण्यास निघाली होती. आम्हीं त्यांस थांबविलें. चेहऱ्याचा आतां तोच एक पुरावा. चित्र व मोडी कागद यांची एकत्र नोंद करून, दोन्ही निरनिराळ्या पुठ्ठ्यांत आडवीं ठेवण्याविषयीं आम्हीं विनंति केली, व ती त्यांनीं मान्य केली.

सांगलीकडील अनुभव निराळा. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेच्या महापुराचें पाणी शहराच्या पेठांत शिरलें. २००५ च्या पुराहून तें अधिक चढलें. अशा पुरांत भिजलेलीं दप्तरें आम्हीं पाहिलीं आहेत. काजळाच्या शाईनें बोरूनें लिहिलेला हातकागद भिजून पुन्हा वाळला तरी पुष्कळदा वाचतां येतो. तो आमच्या पूर्वजांच्या शाईचा गुण. रंगखडूच्या चित्राचें तसें नाहीं. एका घरीं पाळण्याशीं बसलेल्या स्त्रीचें असें चित्र कांचेच्या चौकटींत होतें, पण कांच व कागद यांमध्यें मुळींच अंतर ठेविलेलें नव्हतें. पाणी आंत झिरपलें, तुटपुंजा डिंक विरघळला, आणि वाळतांना रंग कागद सोडून कांचेस चिकटला. पाळणा कागदावर राहिला व आई कांचेवर गेली. चौकट करणाऱ्यानें पुठ्ठ्याची एक जाड कड मध्यें घातली असती तर निदान पूर येईपर्यंत कांचेचा स्पर्श तरी रंगास झाला नसता.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, हीं चित्रें हौशी हातांचीं. त्यांस कलेच्या इतिहासांत स्थान काय? आमचें उत्तर असें कीं, ज्या कारकुनानें कोठीचा हिशेब लिहिला तोहि कांहीं गद्यकार नव्हता. हौशी चित्रकार आपल्या घरांत बसतो, त्यास आपल्या आईसमोर बसण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. नांवाजलेल्या चित्रकारास परक्या घराच्या माजघरांत प्रवेश मिळणें त्या काळीं कठीण होतें. म्हणून आंतल्या घराचें चित्र बाहेरच्या मोठ्या नांवापेक्षां घरच्या लहान नांवाकडून मिळण्याचा संभव अधिक. रंगखडू त्यास सोयीचाहि होता. ताण्यावरचें कापड नको, तेलाचा वास नको, वाळण्याची वाट नको. स्वयंपाक होईपर्यंत चित्र होई. या चित्रांचें कलादृष्ट्या मोल ठरवितांना मात्र भीड धरूं नये. वर वर्णिलेल्या चित्रांतील हंडा वाईट आहे व कोंडा उत्तम आहे, असें स्पष्ट म्हटल्यानेंच त्याची किंमत कळते.

दुसरा आक्षेप असा कीं, माध्यमच इतकें नाशिवंत तर त्यावर श्रम कशास? परंतु नाशिवंत हा शब्द येथें नीट वापरला पाहिजे. पेस्टलांत तेल व रोगण नसल्यामुळें तें तैलचित्राप्रमाणें पिवळें पडत नाहीं, त्यास तडे जात नाहींत. पक्क्या रंगद्रव्यांनीं काढलेलीं व नीट जपलेलीं अडीचशें वर्षांपूर्वींचीं पेस्टलें आज ताज्या फुलासारखीं आहेत. काळ त्यास फारसा मारीत नाहीं, स्पर्श मारतो. आणि स्पर्श आमच्या हातचा आहे.

तेव्हां संग्राहकांस आमची विनंति येणेंप्रमाणें. कागदांच्या रुमालांत असें चित्र निघाल्यास तें झाडूं नये, फुंकूं नये, बोटानें चांचपूं नये. हलविण्यापूर्वीं जागेवरच त्याचा फोटो घ्यावा. त्याच्या अंगास टेकलेला कागद तपासावा, व त्यावर ठसा असल्यास तो कागदहि चित्राइतकाच जपावा. चित्र नेहमीं तोंड वर करून आडवें ठेवावें. पुन्हा रुमालांत बांधूं नये, व त्यावर दुसरा कागद रचूं नये. पाठीवर क्रमांकाचा शिक्का मारूं नये, कारण शिक्क्याच्या एका ठोक्यानें पुढची पूड झडते. नोंद निराळ्या चिठ्ठीवर करावी. चौकट करावयाची तर कांच व चित्र यांत पुठ्ठ्याच्या जाडीचें अंतर ठेवावें, आणि कांचेऐवजीं हलका प्लास्टिकचा तक्ता घालूं नये. तो विजेनें भारला जाऊन रंगाची पूड आपल्याकडे ओढून घेतो. रंग पक्का बसावा म्हणून वर कोणतेंहि द्रव्य फवारण्याच्या भरीस पडूं नये, कारण त्यानें फिके रंग काळवंडतात, व या चित्रांचें सर्व सार त्या फिक्या रंगांतच असतें. पावसाळ्यांत ओल धरणाऱ्या भिंतीवर तें टांगूं नये. नदीकांठच्या घरांत तें वरच्या मजल्यावर असावें.

आमच्या मतें सातारा व सांगलीच्या जुन्या घरांतून असे कागद आणखी निघतील. ते निघतील ते चित्र म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच कांहीं कागदांच्या शोधांत, सनदा व पत्रें चाळतांना. म्हणून त्यांची पहिली भेट चित्रकलेच्या जाणकाराशीं न होतां आमच्याशींच होणार. त्या पहिल्या भेटींतच त्यांचें बरें-वाईट ठरतें. ज्या घरीं आम्हांकडून चूक झाली तेथें पुन्हा गेलों तेव्हां त्या वृद्ध गृहस्थांनीं दोन्ही पुठ्ठे आमच्यापुढें ठेविले, व मोडी कागदावरील ठसा आरशांत धरून पाहिल्यास आजी सुलट दिसते, असें आम्हांस दाखविलें. ही युक्ति त्यांस आपण होऊन सुचली होती. वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं असे ठसे असतील तर त्यांनीं ते 'डाग' म्हणून पुसण्यापूर्वीं एकवार आरशांत धरून पाहावे. इत्यलम्.